नमुना क्रमांक एकतीस

"बसा. आधी बसा. बाही नंतर वर करा."

देवराजच्या खोलीत शिरलेल्या प्रत्येकाला पहिलं वाक्य हेच ऐकावं लागे. मॉरिशसच्या सरकारी इस्पितळातली रक्त घेण्याची खोली ती. बाहेरच्या बाकावर पंधरा-वीस माणसं खोळंबलेली, आत टेबलावर कापूस, स्पिरिट, बाटल्या. आणि हातात सुई घेऊन देवराज बोलत बसलेला.

"हे रक्त आधी यंत्रात फिरवायचं. मग वर पिवळं पाणी सुटतं. त्यात साखर किती ते बघायचं. तुम्हाला कशासाठी टोचतोय, ठाऊक आहे?"

"डॉक्टरनं सांगितलंय म्हणून."

"डॉक्टरनं का सांगितलंय?"

"आयो, मिस्ये! ते मला ठाऊक असतं तर मीच नसतो का झालो डॉक्टर? टोचा हो, माझी बस जाईल!"

बाकावर हशा पिके. सुनयना नर्स दारातून डोकावून म्हणे, "मिस्ये देवराजची सुई दुखत नाही. दुखतं ते भाषण."

ही गोष्ट अठ्ठ्याऐंशी सालची. सुनयनासारख्या नव्या लोकांना वाटे, माणसाला बोलण्याचा रोगच आहे. जुन्या लोकांना दुसरा देवराज आठवे. तो तोंडातून शब्द काढत नसे. मुंगी चावावी तेवढ्यात काम उरकी. लोक मुद्दाम त्याच्याकडे पाठवा म्हणून हट्ट धरत. "तो घेतो तेव्हा कळतसुद्धा नाही," म्हणत.

कळतसुद्धा नाही. पुढे हेच शब्द देवराजला नकोसे झाले. त्याला कारण त्याची वहिनी, बसंती.

देवराज पाच वर्षांचा असताना त्याची आई गेली. त्याच वर्षी थोरल्या भावाचं, बलरामचं लग्न झालं आणि फिनिक्सच्या पत्र्याच्या घरात पंधरा वर्षांची बसंती आली. देवराजचं नाक तिनं पुसलं, त्याला शाळेत तिनं सोडलं, उसाच्या पात्यांनी कापलेल्या त्याच्या पोटऱ्यांना हळद तिनं लावली. एकदा चुलीपाशी बसून खाताना त्याच्या तोंडून "आई, अजून दे" असं निघून गेलं. घरात आलेल्या दोन आत्या केवढ्या हसल्या! "अरे, आई नव्हे ती, वहिनी. वहिनी म्हणायचं." तो मान खाली घालून म्हणाला, "वहिनी, अजून दे." तेव्हापासून वहिनीच.

मिसरूड फुटल्यावर तर मधे आणखी एक पडदा आला. आमच्या घरांत दीर आणि वहिनी थट्टामस्करी करतील, भांडतील, एका ताटातला पापड ओढतील. पण बायकांच्या बाळंतपणाचा शब्द दोघांमध्ये निघायचा नाही. बसंतीला कळा सुरू झाल्या की देवराजची रवानगी शेजारी होई. तिची नऊ बाळंतपणं झाली, शेवटचं देवराज दुसरीकडे राहायला गेल्यावर. परत आल्यावर कधी घरात पाळणा असे, कधी नसे. सहा वेळा होता, तीन वेळा नव्हता. नसे तेव्हा तो काहीच विचारत नसे. विहिरीचं पाणी भरून ठेवी, तेवढंच.

पुढे देवराज शिकला, इस्पितळाच्या प्रयोगशाळेत लागला, क्वात्र बॉर्नला राहायला गेला. तरी दर रविवारी फिनिक्सला वहिनीच्या हातचं जेवायला यायचाच.

पंचाहत्तर साली इंग्लंडमधल्या एका प्रयोगशाळेचं पत्र आलं. माणसाच्या पांढऱ्या पेशींच्या पडद्यात काही प्रथिनं रुतलेली असतात. परकी पेशी आणि आपली पेशी शरीर त्यांच्यावरून ओळखतं. ती एकमेकांपासून वेगळी करून बघायची, तर ज्या बायकांची बरीच बाळंतपणं झाली आहेत त्यांच्या रक्तातलं पिवळं पाणी, म्हणजे सीरम, हवं. मोठ्या डॉक्टरांनी काम देवराजकडे दिलं. त्यानं बाळंतिणींच्या दवाखान्यातून तीस नमुने जमवले. खोक्यात एक खोबण रिकामी राहिली. नववं बाळंतपण पाळण्याविना सरल्यापासून बसंतीला चक्कर येत होती, म्हणून चारच दिवसांपूर्वी त्यानं घरी तिचं रक्त तपासायला घेतलं होतं. त्यातलं थोडं सीरम उरलं होतं. त्यानं ते एकतिसाव्या खोबणीत ठेवलं.

चार महिन्यांनी उत्तर आलं. पहिल्या तीस नमुन्यांचा उपयोग नव्हता. एकतिसाव्याबद्दल मात्र दीड पान होतं. हे सीरम एकाच प्रथिनाला चिकटतं, दुसऱ्या कशाला शिवतही नाही. एवढं स्वच्छ सीरम आम्हाला आजवर मिळालेलं नाही. दर तीन महिन्यांनी अर्धी पिशवी रक्त मिळेल का?

"कोण आहे ही बाई?" डॉक्टरांनी विचारलं.

"माझी वहिनी."

"मग तर सोपंच आहे! नीट समजावून सांग आणि या फॉर्मवर सही घे."

सोपं! क्वात्र बॉर्नहून फिनिक्सला जाणाऱ्या बसमध्ये देवराजनं मनातल्या मनात चार वेळा तालीम केली. वहिनी, मुलाच्या पेशींवर निम्म्या खुणा आईच्या असतात, निम्म्या बापाच्या. तुझ्या पोटात दादाचं मूल वाढत होतं, तेव्हा... इथे येऊन गाडी अडे. तुझ्या पोटात दादाचं मूल! हे वहिनीला? तिच्या तोंडावर? शेजारच्या सीटवरच्या माणसानं आपलं बोलणं ऐकलं की काय, असं वाटून त्याचे कान तापले.

बसंती ओसरीवर डाळ निवडत होती.

"वहिनी, तुझं रक्त परत घ्यायला हवं."

"का रे? मागेच तर घेतलंस."

"मोठ्या लॅबमध्ये पाठवायचंय. इंग्लंडला."

सुपातला हात थांबला. "इंग्लंडला? वाईट आहे काही?"

"छे गो. तसं काही नाही."

"मग?"

"नुसतं बघायचंय त्यांना. दर तीन महिन्यांनी."

"कुठवर?"

"ते... ते सांगतील तोवर."

बसंतीनं त्याच्याकडे क्षणभर पाहिलं आणि पुढे काहीच विचारलं नाही. फॉर्म इंग्रजीत होता. देवराजनं बोट ठेवलं तिथे तिनं संध्याकाळी बैठकेत भरणाऱ्या वर्गात शिकलेल्या अक्षरात सावकाश लिहिलं, बसंती.

चूक इथेच झाली, आणि ती आमच्याच घरात व्हावी अशी होती. तीन वर्षांपूर्वी बसंतीचे सासरे पोटाच्या दुखण्यानं गेले. ते विचारत, "काय म्हणाला गो डॉक्टर?" आणि शेवटचे पाच महिने बसंतीच त्यांना रोज सांगे, "तसं काही नाही." घरातले सगळे तेच सांगत, देवराजसुद्धा. जो जगणार नाही, त्याला सांगायचे शब्द होते ते. बसंतीनं ते ओळखले.

मग प्रत्येक गोष्ट तिला खूण वाटू लागली. रक्त दिलं की दोन दिवस डोकं हलकं होई. देवराज लोहाच्या तांबड्या गोळ्या आणून देई, "रोज एक घे, चुकवू नकोस," म्हणून बजावी. औषध चालू, रक्त परदेशी चाललेलं, घरचा माणूस विचारलं तर नजर चुकवतोय. आणखी काय पुरावा हवा? थोरल्या सुनेला तिनं एके दिवशी लोणच्याचं प्रमाण सांगितलं, देवाची भांडी कुठल्या सणाला कुठली काढायची ते दाखवलं. स्वतःचा हिरवा कप तिनं सगळ्या कपांपासून दूर, खिडकीच्या कोनाड्यात ठेवायला सुरुवात केली.

"हा कप इथे का गो?" देवराजनं एका रविवारी विचारलं.

"असाच. मला हाताशी बरा पडतो."

त्याला कळलं. आपल्याला मोठं दुखणं आहे असं वहिनी धरून बसलीय, हे असं ठेवून चालणार नाही. आज बोलू, असं म्हणून तो ओसरीवर गेला. तिथे बलराम रेडिओला कान लावून बसला होता. पुढच्या खेपेला बोलू, असं ठरवून देवराज घरी गेला. पुढच्या खेपेला आत्या आल्या होत्या. त्याच्या पुढच्या खेपेला इंग्लंडहून छापील लेख आला. त्यात शेवटी, बारीक अक्षरात, ज्यांचे आभार मानले होते त्यांत ओळ होती, 'देवराज, मॉरिशस.' ते पान त्यानं टेबलाच्या काचेखाली ठेवलं. बोलायचं आणखी लांबलं.

बसंतीच्या सहा मुलांत चौथी निर्मला. तिला काकाच्या प्रयोगशाळेचं वेड. शाळेला सुट्टी असली की बस पकडून दाखल.

"काका, आज काय दाखवणार?"

त्यानं पांढऱ्या टाइलवर रक्ताचे दोन थेंब टाकले, दोन्हींत सीरम मिसळलं, टाइल हलवली. एक थेंब तसाच राहिला. दुसऱ्यात वाळूसारखे कण जमले.

"हा फाटला!" निर्मला ओरडली. "दुधासारखा!"

"याच्या पेशींवर खूण होती, ती सीरमनं पकडली. त्याच्यावर नव्हती."

"खूण पेशीच्या वर असते की आत?"

"पडद्यात. थोडी आत, थोडी बाहेर."

"मग खूण काढून घेतली आणि दुसऱ्याच पेशीवर लावली, तर?"

देवराज हसला. "तसं करता येत नाही, बाय."

"अजून येत नसेल," पंधरा वर्षांची निर्मला म्हणाली.

त्याच साली, सत्याहत्तरला, माध्यमिक शिक्षण फुकट झालं. शाळेच्या शिक्षिका म्हणत, ही मुलगी एचएससी करेल, पुढे शिकेल, हिला कुणी अडवू नका. अडवायला कुणी नव्हतंही. बलराम म्हणे, "शिकू दे. माझ्या घरात एक तरी मला हिशेबात हरवणारं हवं." आणि एकोणऐंशी साली, परीक्षेला अजून एक वर्ष असताना, तेर रूजहून सत्यदेवचं स्थळ आलं. घर बरं, मुलगा शांत, वडिलांचं किराणाचं दुकान.

रविवारी देवराज जेवायला आला तेव्हा बोलणी जवळजवळ झाली होती. निर्मला स्वयंपाकघरात उंबऱ्याआड उभी होती. काकाला बघून तिनं दोन्ही हात जोडले. देवाला नव्हे, त्याला.

"वहिनी," तो म्हणाला, "एक वर्ष थांब ना. परीक्षा होऊ दे."

"लग्नानंतर देईल."

"लग्नानंतर कोण देतं? दादा, तू तरी सांग."

बलरामनं हात झटकले. "मी सांगून दमलो. ती ऐकत नाही. मला म्हणते, आत्ताच करायचं."

"पण एवढी घाई का?"

बसंतीनं हातातलं पाण्याचं भांडं खाली ठेवलं. ती हसत होती, आणि ते हसू बघवत नव्हतं.

"घाई का, हे तू विचारतोस? बरं. एक वर्ष थांबते. तू मला एक वर्षाची हमी दे."

"म्हणजे?"

"म्हणजे पुढच्या सालीसुद्धा पोरीला हळद मीच लावीन, असं सांग. तुला ठाऊक आहे सगळं. इंग्लंडहून तुलाच पत्रं येतात. थोरल्या दोघींना मी हळद लावली. हिला कुणी परक्या बाईनं लावायची का?"

खोलीत बलराम होता, दोन आत्या होत्या, उंबऱ्याआड निर्मला. सगळे देवराजकडे बघत होते. एकच वाक्य हवं होतं. तुला कसलाही आजार नाही, तुझ्या रक्तात मुलांच्या बापाची खूण ओळखणारं काही आहे, ते तुझ्या बाळंतपणांनी तयार झालंय. देवराजनं आत्यांकडे पाहिलं.

"वहिनी... तसं काही नाही गो," तो म्हणाला.

बसंतीनं मान हलवली. "हो रे. मीही मामंजींना असंच म्हणायची."

महिनाभरात लग्न झालं. हळद बसंतीनंच लावली. निर्मला सासरी जायला निघाली तेव्हा काकाच्या पाया पडली आणि त्याच्याकडे न बघता गाडीत बसली.

त्यानंतर सात वर्षं दर तीन महिन्यांनी अर्धी पिशवी जात राहिली. बसंती मेली नाही. आपण अजून जिवंत कशा आहोत याचं तिलाच नवल वाटे. "देवराजच्या गोळ्या," ती शेजारणींना सांगे, "त्यांनीच तगवलंय."

शहाऐंशी सालच्या ऑगस्टमध्ये शेवटचं पत्र आलं. त्या प्रथिनाची कृती ज्या जनुकात लिहिलेली असते, ते जनुक त्यांच्या हाती लागलं होतं. ते त्यांनी दुसऱ्याच पेशींत घातलं, आणि त्या पेशी ते माणसाचं प्रथिन स्वतःच्या पडद्यावर तयार करू लागल्या. हजारो पेशींतून नेमक्या त्या पेशी ओळखून काढायला एकतीस नंबरचं सीरम वापरलं होतं. आता प्रथिन हवं तेवढं बनवता येतं, त्याला ओळखणारी द्रव्यंही उंदरांच्या पेशींपासून मिळतात. तेव्हा यापुढे रक्त पाठवू नये. आणि शेवटी, 'दात्रीला आमचे मनापासून आभार कळवावेत.'

देवराजनं ती ओळ किती वेळा वाचली कोण जाणे. मग फिनिक्सची बस पकडली.

बसंती मागच्या दारी कोथिंबिरीला पाणी घालत होती.

"वहिनी, यापुढे रक्त द्यायचं नाही. इंग्लंडहून पत्र आलंय."

तिच्या हातातली झारी तिरपी झाली. "संपलं का रे? किती दिवस म्हणतात?"

"दिवस नाही गो! तू... बरी आहेस."

"बरी?" ती तिथेच दगडावर बसली. "अकरा वर्षांनी बरी? देवराज, खरं सांग. माझ्या गळ्याची शपथ."

"बरी आहेस. ठणठणीत."

बसंतीनं पदर तोंडाला लावला. तो समजला, आनंदानं रडतेय. पण ती म्हणाली, "मग पोरीला मी उगाच घालवली रे. बरी होणार होते तर थांबले असते. सात वर्षांपूर्वी नसते का सांगू शकले ते लोक? बरी होईल म्हणून?"

बरी झालीस, एवढ्यावर ठेवता आलं असतं. बसंतीनं नशिबाला बोल लावला असता आणि देवराजच्या हातची गोळी देवाच्या प्रसादासारखी आठवत राहिली असती. देवराज उभा राहिला, पुन्हा बसला.

"वहिनी, तू बरी झाली नाहीस. तू आजारी नव्हतीसच."

"काय?"

"कधीच नव्हतीस. तुझ्या रक्तात चांगली गोष्ट होती. त्यांना ती हवी होती. शोधासाठी."

"आणि चक्कर?"

"पहिली अशक्तपणाची. नंतरची रक्त काढल्यामुळे."

"गोळ्या?"

"काढलेलं रक्त भरून यायला."

झारीतलं पाणी वाफ्याबाहेर वाहत होतं. तिनं झारी सरळ केली.

"तुला ठाऊक होतं."

"हो."

"लग्नाच्या वेळी मी तुझ्या तोंडाकडे बघत होते तेव्हासुद्धा?"

"हो, वहिनी."

"मग बोलला का नाहीस?"

"ते... बाळंतपणाचं होतं. ती चांगली गोष्ट बाळंतपणांमुळे येते. तुझ्याशी कसं बोलू..."

"अरे मेल्या," बसंती हळू म्हणाली. तिला ओरडायचंसुद्धा सुचलं नाही. "तुझी हगलेली चड्डी धुतली मी. आणि तुला माझ्याशी बोलायला लाज वाटली?"

देवराजनं तिच्या पायांशी हात नेला. तिनं पाय मागे घेतले.

"माझ्या पाया पडू नको. मी काय, मी अकरा वर्षं वेगळ्या कपात चहा प्याले, आता एकत्र पिईन. तेर रूजला जा. जिचं नुकसान झालं तिला सांग. मी नाही सांगणार."

दुसऱ्या दिवशी तो तेर रूजला गेला. निर्मला दुकानाच्या फळीमागे उभी होती. वय चोवीस, मागे दोन मुली खेळत होत्या. सत्यदेव माल आणायला गेला होता. देवराजनं उभ्या उभ्या सगळं सांगितलं. मधे एक बाई मसूर घ्यायला आली. निर्मलानं तिला मसूर जोखून दिली, पुडीला दोरा बांधला, "सलाम, मादाम," म्हणाली आणि काकाकडे वळली.

"पुढे?"

त्यानं पुढचं सांगितलं. ती रडेल, ओरडेल, याची तयारी करून तो आला होता. तिनं हात पुढे केला.

"पत्र बघू."

फळीवर कोपरं टेकून ती वाचू लागली. ओठ हलत होते. एका ओळीशी बोट थांबलं.

"आईच्या सीरमनं पेशी ओळखल्या म्हणजे कशा? हजारोंतून एक?"

"सीरम टाकायचं. ज्यांच्यावर ते प्रथिन आहे त्यांना चिकटतं. बाकीच्या धुऊन टाकायच्या."

"पण दुसऱ्या पेशींच्या स्वतःच्या खुणांना आईचं सीरम चिकटलं असतं तर? ते आधी तपासलं असेल ना?"

हा प्रश्न त्याला अकरा वर्षांत सुचलाही नव्हता.

"लेख जोडलाय," तो म्हणाला. "त्यात असेल."

तिनं लेख उलटला. शेवटच्या पानावर बोट ठेवलं. "इथे तुमचं नाव आहे. आईचं कुठे आहे?"

"नमुना एकतीस."

"हं."

"निर्मला, परीक्षेला बाहेरून बसता येतं. मी फी भरतो, पुस्तकं..."

"काका." तिनं पहिल्यांदाच त्याच्या डोळ्यांत पाहिलं. "आता तुम्ही माझ्यासाठी काही ठरवू नका. हे कागद माझ्याकडे राहू देत."

आमच्या कुठल्याही घरातून कुणी चहाशिवाय जात नाही. त्या दिवशी निर्मलानं चहा विचारला नाही.

महिन्याभरानं गणेशचतुर्थी आली. निर्मला नवरा आणि मुलींसह फिनिक्सला आली. देवराज आला, पण आत गेला नाही. ओसरीच्या टोकाला, चपलांपाशी बसला. आतून आरतीची झांज थांबली, मोदक वाटले गेले. मग निर्मलाचा आवाज आला.

"आई, इथे बस. बाबा, तुम्हीही. पत्रात काय आहे ते सांगते."

"इंग्रजीत नको गो."

"मराठीतच. हा मोदक म्हणजे एक पेशी समज. बाहेरची पारी म्हणजे तिचा पडदा. पारीला अशा कळ्या असतात ना, तशा पडद्यात खुणा. मुलाच्या मोदकाला निम्म्या कळ्या आईच्या, निम्म्या बापाच्या. आम्ही पोटात होतो तेव्हा आमच्यावर बाबांची एक कळी होती. तुझ्या रक्तानं ती ओळखली. म्हणालं, ही आपली नव्हे."

"तुझ्या बापाला मी पोरं व्हायच्या आधीच ओळखलं होतं!" बसंती म्हणाली आणि सगळं घर हसलं.

"ऐक तर. त्या लोकांनी ती कळी पाडायची कृती मिळवली, आणि दुसऱ्याच कुठल्या मोदकाला शिकवली. पण त्यानं पाडली ती कळी तीच, हे कोण सांगणार? तुझं रक्त. आधी साध्या मोदकांवर टाकून पाहिलं, ते कशालाच चिकटलं नाही. मग नव्यांवर टाकलं. तिथे बरोबर चिकटलं."

"म्हणजे मी साक्षीला होते?"

"हो. तुझ्याशिवाय त्यांना खरं-खोटं कळलं नसतं."

"आणि माझी कळी इंग्लंडात पाडतायत?" बलरामचा आवाज. "मला विचारलंसुद्धा नाही!"

पुन्हा हशा. बसंतीचा आवाज त्यात सगळ्यांच्या वर होता. देवराजनं तो इतका मोकळा कित्येक वर्षांत ऐकला नव्हता. जे त्याला अकरा वर्षांत उच्चारता आलं नाही, ते त्या मुलीनं बापासमोर, नवऱ्यासमोर, हातात मोदक धरून पाच मिनिटांत सांगितलं होतं. कुणाची मान खाली गेली नव्हती. आणि काकाला न सुचलेल्या प्रश्नाचं उत्तरही त्यात होतं. तिनं लेख वाचून शोधून काढलं होतं, दुकानाच्या फळीवर, मसूर आणि साखर जोखता जोखता.

हसणं ओसरलं. बसंती म्हणाली, "किती छान सांगितलंस गो. तुला हे सगळं कुणी शिकवलं?"

आत ताटल्या गोळा केल्याचा आवाज आला.

"कुणी नाही, आई," निर्मला म्हणाली.

देवराजनं चपला पायांत सरकवल्या. तेवढ्यात थोरली सून त्याच्यासाठी चहा घेऊन बाहेर आली. "काकाजी, सासूबाईंनी पाठवलाय," ती म्हणाली. कप हिरवा होता, वहिनीनं अकरा वर्षं वेगळा ठेवलेला. दोन्ही हातांत धरून तो तसाच बसून राहिला, चहा पार गार होईपर्यंत.